तळटीप आणि अचौर्य

आपल्या समाजातल्या मुली आणि सुना आता पीएच.डी. करू लागल्या आहेत, आणि विषयही आपलेच घेऊ लागल्या आहेत. जुने मराठी जैन कवी, सीमाभागातल्या बस्त्या, भट्टारकांच्या गाद्या, नोंपीची गाणी, पंचकल्याणकातले पाळणे. प्रबंध बांधून झाला, पाठीवर सोनेरी अक्षरं उठली, की एखादी प्रत माझ्याकडेही येते. ‘अक्का, सवडीनं बघा.’ मी सवडीनंच बघते, पण सुरुवात शेवटाकडून करते. आधी संदर्भग्रंथांची यादी, मग परिशिष्टं, मग ऋणनिर्देश, आणि नंतर पहिलं प्रकरण. घर बघायला गेलेली बाई आधी स्वयंपाकघरात डोकावते, तसंच हे.

यादी बहुतेक वेळा जंगी असते. दीडशे-पावणेदोनशे ग्रंथ, त्यात संस्कृत, प्राकृत, हिंदी, कन्नड, इंग्रजी सगळं. छाती दडपते. मग पहिलं प्रकरण उघडावं, तर चाळीस पानांत तळटीप एकही नाही. कुठल्या ग्रंथातून काय घेतलं, कितव्या पानावरून घेतलं, कुणाचं मत कुठं संपलं आणि हिचं कुठं सुरू झालं, याचा पत्ता लागत नाही. लग्नातली आहेराची वही याहून बरी. तिच्यात निदान नावापुढे काय दिलं ते लिहिलेलं असतं.

हे मी बोलून दाखवलं की एक उत्तर हमखास येतं : ‘पण अक्का, माझं फक्त सात टक्के आलंय.’

हे टक्के काय आहेत ते ज्या मैत्रिणींचा विद्यापीठाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याबद्दल नियम केले. प्रबंध जमा करण्याआधी तो सॉफ्टवेअरमधून काढायचा. ते यंत्र हा मजकूर त्याच्या साठ्यातल्या दुसऱ्या मजकुराशी ताडून बघतं आणि किती जुळतो याचा आकडा देतं. दहा टक्क्यांपर्यंत जुळला तर दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. चाळीस ते साठ असेल तर एक वर्ष देता येत नाही. साठच्या वर गेला तर नोंदणीच रद्द. नियम वाईट नाही. त्याआधी तर कुणी विचारतही नव्हतं. पण झालं असं की ‘हे तू कुठून घेतलंस?’ हा प्रश्न जो माणसानं माणसाला विचारायचा होता तो यंत्राकडे गेला, आणि यंत्राला तो प्रश्न कळतच नाही. त्याला कळतं फक्त ‘हे शब्द मी आधी पाहिलेत का?’ एवढंच.

मराठीत तर ते त्यालाही धड कळत नाही. आपली जुनी पुस्तकं, समाजाची मासिकं, ट्रस्टांनी काढलेले स्मृतिग्रंथ यांतलं कितीतरी यंत्राच्या साठ्यात नाहीच. एखादीनं जुन्या फॉन्टात टाइप करून घेतलं असेल तर यंत्राला ते मराठी म्हणून दिसतसुद्धा नाही, रोमन अक्षरांची खिचडी दिसते. पन्नास वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचं प्रकरणच्या प्रकरण उचललं तरी शून्य टक्के यायला काही अडचण नाही. उलट जी मुलगी प्रामाणिकपणे अवतरणचिन्हं घालून, नाव-पान देऊन उतारा देते, तिच्या पोटात गोळा येतो की हे मोजलं जाईल. मग ती अवतरणचिन्हं काढते, दोन शब्द इकडचे तिकडे करते आणि नावही काढून टाकते. वास्तविक नाव देऊन घेतलेला उतारा मोजणीतून वगळायचा, संदर्भसूची आणि ऋणनिर्देशही वगळायचे, असं त्याच नियमात लिहिलेलं आहे. सर्वसाधारण माहिती किंवा योगायोगानं जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही धरायचे नाहीत असं आहे. त्या चौदा शब्दांचा आमच्या पोरींनी काय अर्थ घ्यावा? तेराव्या शब्दानंतर एक शब्द बदलायचा! ‘महत्त्वाचे’च्या जागी ‘महत्त्वपूर्ण’, ‘दिसते’च्या जागी ‘दृष्टोत्पत्तीस येते’. अशी वाक्यं वाचताना मला भाकरीत खडा लागल्यासारखं होतं. भाषा बिघडली, चोरी तशीच राहिली, आणि टक्का मात्र उतरला.

आपण लहानपणी पाठशाळेत तत्त्वार्थसूत्र घोकलेलं आहे. त्याच्या सातव्या अध्यायात चोरीची व्याख्या आहे : जे दिलेलं नाही ते घेणं. किती घेतलं याचा तिथं उल्लेख नाही. दहा टक्क्यांपर्यंत चालेल असंही नाही. आणि पुढे त्याच अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरी न करताही व्रताला डाग लावणाऱ्या पाच गोष्टी. स्तेनप्रयोग, तदाहृतादान, विरुद्धराज्यातिक्रम, हीनाधिकमानोन्मान, प्रतिरूपकव्यवहार. तेव्हा आम्ही ते चाल लावून म्हणत होतो, अर्थ व्यापाऱ्यांसाठी आहे असं समजत होतो. प्रबंध वाचायला लागल्यापासून मला ही यादी फार वेळा आठवते.

दुसऱ्यानं चोरून आणलेला माल जाणून घेणं म्हणजे तदाहृतादान. विद्यापीठांच्या आसपास टायपिंग आणि बाइंडिंगची दुकानं असतात, त्यांतल्या काहींत प्रकरणंही ‘करून मिळतात’. पैसे मोजले म्हणजे ते दिलेलं होतं का? दुकानदारानं ते कुठून आणलं हे घेणारीला ठाऊक असतं, निदान विचारायचं नाही एवढं तरी ठाऊक असतं. वजनमापात कमीजास्त करणं म्हणजे हीनाधिकमानोन्मान. टक्क्यांबद्दल वर लिहिलंच आहे. खऱ्याच्या जागी नकली देणं म्हणजे प्रतिरूपकव्यवहार. हा अतिचार सगळ्यांत सर्रास घडतो आणि कुणाला तो अतिचार वाटत नाही. ज्या ग्रंथाचं तोंडही पाहिलं नाही त्याचा पान क्रमांकासह संदर्भ देणं. मुळात दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात तो उतारा आला, तिथली तळटीप उचलली आणि आपली म्हणून छापली. त्या पहिल्या लेखकानं पान चुकवलेलं असेल तर तीच चूक चार प्रबंधांतून पुढे गेलेली सापडते. माझ्या पाहण्यात असं एक चुकीचं पान तीन पिढ्या नांदलेलं आहे. ‘अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत’ एवढे शब्द लिहिले असते तर काय बिघडलं असतं? पण त्यात कमीपणा वाटतो. मूळ ताडपत्रं आपणच वाचली असं दिसायला हवं.

आणि विरुद्धराज्यातिक्रम. राज्याचे नियम मोडून माल इकडचा तिकडे करणं. हा तर आम्हा सीमेवरच्या लोकांसाठीच सांगितला असावा. आमच्या घरांत कन्नड आणि मराठी एकाच चुलीवर शिजतात, हिंदी प्रवचनांतून येते. त्यामुळे भाषांतर करून घेणं आम्हाला घेणं वाटतच नाही. कन्नड लेख वाचला, मराठीत लिहिला, आता तो माझा. यंत्र या सीमेवर सहसा अडवत नाही.

एक उदाहरण सांगते, विद्यापीठ आणि लेखिका दोन्ही गुलदस्त्यात ठेवून. विषय होता भट्टारक परंपरा. या विषयावर विद्याधर जोहरापूरकरांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा हिंदी ग्रंथ १९५८ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून निघाला. ज्यांनी तो हाताळला असेल त्यांना त्याची मांडणी ठाऊक आहे. मूर्तींवरचे लेख, पोथ्यांच्या शेवटच्या प्रशस्ती, पट्टावल्या यांचे मूळ उतारे आधी, प्रत्येकाला क्रमांक, म्हणजे ‘लेखांक’, आणि तो कुठून मिळाला त्याची नोंद. मग त्या उताऱ्यांवर उभी केलेली हकिकत, जिच्यात जागोजागी लेखांकाचा आकडा. वाचणाऱ्याला लेखकाचं बोट धरून मुळापर्यंत जाता येतं आणि पटलं नाही तर भांडताही येतं. मराठी माणसाने हिंदीत केलेलं हे काम आहे, आणि मला ते आपल्या समाजातल्या चांगल्यातल्या चांगल्या संशोधनात वाटतं.

तर त्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण वाचताना मला हकिकत ओळखीची वाटू लागली. मराठी नीट होती, ओघ होता. जोहरापूरकरांचं नाव यादीत होतं, प्रकरणात नव्हतं. आणि एका परिच्छेदाच्या शेवटी कंसात चक्क ‘लेखांक’ आणि आकडा राहून गेला होता. प्रबंधात लेख नाहीत, क्रमांक नाहीत, पण लेखांक आहे! शेजारणीची वाटी परत द्यायची राहावी आणि तिच्या बुडावर शेजारणीचं नाव कोरलेलं असावं, तसा तो आकडा तिथं बसला होता. मार्गदर्शकांना तो दिसला नाही, परीक्षकांना दिसला नाही, यंत्राला तर दिसायचाच नव्हता. प्रबंधाला पदवी मिळाली.

मला त्या मुलीचा राग कमी आला, वाईट जास्त वाटलं. कारण चौथं प्रकरण तिचं स्वतःचं होतं. तिनं पाच-सहा गावच्या बस्त्यांमधल्या मूर्तींवरची अक्षरं चुन्यानं बुजलेली असताना वाचली होती, त्यातली काही जोहरापूरकरांच्या संग्रहात नाहीत. म्हणजे तिनं त्यांच्या कामात भर घातली होती. पण आधीचं त्यांचं म्हणून सांगितलंच नाही, तर भर ही भर म्हणून दिसणार कशी? दुसऱ्याचं नाव झाकताना तिनं स्वतःचं कामही झाकून टाकलं. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘सर म्हणाले, एवढ्या तळटीपा घातल्या तर तुमचं काय उरलं असं परीक्षक विचारतील.’ हा मात्र स्तेनप्रयोग. स्वतः न करता दुसऱ्याकडून करवणं. त्याचा अतिचार करवणाऱ्याच्या खात्यावर.

आता जरा गंभीरपणे घ्यायचा असा एक युक्तिवाद आहे. तो आपल्याच माणसांकडून येतो, स्वाध्यायात बसणाऱ्यांकडून. आपल्या परंपरेत हे नव्हतंच, ज्ञानावर कुणाची मालकी नसते, आचार्यांनी एकमेकांच्या गाथा खुशाल घेतल्या, ही नावापानाची भानगड साहेबाची.

यात खरं किती ते पाहू. गाथा घेतल्या हे खरं आहे. वट्टकेरांच्या मूलाचारातल्या षडावश्यकाच्या गाथा आणि श्वेतांबरांची आवश्यक निर्युक्ती शेजारी ठेवली तर पुष्कळ गाथा दोन्हीकडे सापडतात. कुणी कुणाच्या चोरल्या? आपल्या सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी अशा समान गाथांचा विचार केलेला आहे आणि त्या एकत्र परंपरेचा वारसा म्हणून पाहिल्या आहेत. मुखोद्गत चालत आलेलं धन, दोन्ही भावांच्या वाट्याला आलेलं. इथं चोरी हा शब्द लागू नाही, मला मान्य.

हेमचंद्राचार्यांचं काय? बाराव्या शतकातला एवढा मोठा पंडित, आणि त्याच्या काव्यानुशासनाबद्दल महामहोपाध्याय पां. वा. काण्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे की हा संग्रह आहे, नवं फारसं नाही. राजशेखर, मम्मट, आनंदवर्धन, अभिनवगुप्त यांच्याकडून भरपूर घेतलेलं. आपल्या माणसांना हे वाचून राग येतो. मला येत नाही, कारण काण्यांनी म्हटलेलं बरचसं खरं आहे. पण दोन गोष्टी त्याच्या जोडीला ठेवाव्या लागतात. एक म्हणजे हेमचंद्रांनी विद्यार्थ्यांसाठी पाठ्यग्रंथ रचला, आणि रसाच्या प्रकरणात हे मत अभिनवगुप्ताचार्यांचं आहे आणि आम्ही त्याच्यावरच उपजीविका केली आहे असं त्यांनी सांगून टाकलं. उपजीविका! इतका मोकळा ऋणनिर्देश आजच्या किती प्रबंधांत असतो? दुसरी गोष्ट प्रा. वा. म. कुलकर्णींनी कष्टानं दाखवून दिली. अभिनवगुप्ताच्या नाट्यशास्त्रावरच्या टीकेच्या पोथ्या फार भ्रष्ट अवस्थेत मिळाल्या, आणि हेमचंद्रांनी शब्दशः उतरवून ठेवल्यामुळे तिथले पाठ दुरुस्त करता येतात. म्हणजे शब्द न बदलता घेतले हेच उपकारक ठरलं. चौदाव्या शब्दाला एक बदल करत गेले असते तर आज त्याचा उपयोग शून्य झाला असता. तरी जिथं नाव सांगितलं नाही तिथं सांगितलं नाही, आणि तेवढ्यापुरतं काण्यांचं बोट बरोबर जागेवर आहे. आचार्य आपले म्हणून माप वेगळं नको.

आणि ‘परंपरेत नव्हतंच’ हे तर सपशेल खोटं. राजशेखरानं काव्यमीमांसेत अकरा ते तेरा असे तीन अध्याय या ‘हरणा’वर खर्च केले आहेत. शब्दाचं हरण, अर्थाचं हरण, आरशातल्या प्रतिबिंबासारखं घेतलेलं, चित्रासारखं घेतलेलं, अंगकाठी सारखी पण जीव वेगळा असं घेतलेलं. यंत्र जे करू बघतं त्याहून हे वर्गीकरण बारीक आहे. वीरसेनाचार्यांची धवला टीका ८१६ साली पुरी झाली. त्यांच्यापुढे एकाच मुद्द्यावर दोन मतं आली की ते उत्तरेकडच्या आचार्यांचं हे आणि दक्षिणेकडच्यांचं हे असं दोन्ही नोंदवतात, आणि गुरुपरंपरेनं आपल्याकडे कुठलं आलं ते सांगतात. मला सगळ्यांत भावतं ते आदिपुराण. जिनसेनाचार्यांच्या हातून ते अपुरं राहिलं. बेचाळीस पर्वं आणि त्रेचाळिसाव्याचे तीन श्लोक एवढा गुरूंचा हात, तिथून पुढे शिष्य गुणभद्रांचा. हे आपल्याला कसं कळतं? शिष्यानं लपवलं नाही म्हणून. अकराशे वर्षांपूर्वीच्या महाकाव्यात कितव्या श्लोकावर हात बदलला ते सांगता येतं आणि गेल्या वर्षीच्या प्रबंधात कितव्या पानावर बदलला ते सांगता येत नाही!

उपाध्यांचा उल्लेख आलाच आहे तर त्यांच्या प्रवचनसारबद्दल बोलायला हवं. कानडी बोलणारा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राकृत शिकवत होता आणि १९३५ साली त्यानं कुंदकुंदांचा हा ग्रंथ शंभरावर पानांची इंग्रजी प्रस्तावना लिहून संपादित केला. कुंदकुंद कोणत्या शतकातले या प्रश्नावर ते आपलं मत लगेच सांगत नाहीत. आधी पाठकांचं मत, प्रेमींचं, मुख्तारांचं, चक्रवर्तींचं, प्रत्येकाचं नाव घेऊन, त्याचं बळ कशात आहे ते दाखवून, मग कुठं पटत नाही ते. ज्यांना खोडायचं त्यांनाही आधी पाटावर बसवलेलं आहे. ‘तळटीपा घातल्या तर तुमचं काय उरलं’ म्हणणाऱ्या सरांनी ही प्रस्तावना वाचावी. त्यात उपाध्येच उरतात.

इथवर झालं ते छापील ग्रंथांबद्दल. मला ज्याची जास्त खंत आहे ते पुढेच आहे, आणि ते आपल्या बायकांशी लागून आहे.

लोकगीतांवरच्या एका प्रबंधाच्या परिशिष्टात साठाच्या वर गाणी आहेत. गर्भकल्याणकाच्या दिवशी म्हणायची, जिनबाळाच्या पाळण्याची, हळदीची, नोंपीच्या उद्यापनाची. वर एकच ओळ : ‘सौजन्य : परिसरातील ज्येष्ठ महिला.’ पहिल्या प्रकरणात लोकगीत म्हणजे काय याच्या चार व्याख्या, चारही प्राध्यापकांची नावं, पुस्तकं, आवृत्त्या, पृष्ठांक, सगळं चोख. लोकगीताची व्याख्या करणाऱ्या चौघांची नावं आहेत, लोकगीत गाणारीचं एकही नाही. आणि पुढे विवेचनात पुन्हा लिहिलेलं, की या गीतांच्या कर्त्या अनाम आहेत. अनाम नव्हत्या. ती बाई समोर बसली होती, तिनं चहा दिला होता, तिचं नाव, सासर, माहेर सगळं तिच्या तोंडावर होतं. ते विचारलं नाही. या परिशिष्टातल्या एका पाळण्यातलं शेवटचं कडवं मी ओळखते. दूधगंगेकाठच्या एका गावातल्या आज्जींनी ते स्वतः जोडलेलं आहे, मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. त्यांचं नाव मीही इथं लिहीत नाही, कारण त्यांनी मला गाणं ऐकवलं, छापायची परवानगी दिलेली नाही. दिलेलं आणि न दिलेलं यात हाही फरक धरावा लागतो.

बायकांचं काम घरातलं, म्हणून ते हवेसारखं सगळ्यांचं, अशी आपली समजूत आहे. पापडाच्या पिठाचं प्रमाण जसं कुणाचं नसतं तसं गाणंही कुणाचं नसतं. मुलगी स्वतः बाई असून, स्वतः संशोधक असून हेच करते, तेव्हा ती वाईट नसते. तिला शिकवलंच आहे की संदर्भ म्हणजे छापलेलं.

याच्या उलट एक गोष्ट आहे. धवलेची ताडपत्रं मूडबिद्रीच्या बस्तीत होती, जुन्या कानडी लिपीत, आणि बाहेर नक्कल द्यायची तिथल्या लोकांची तयारी नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथेच बसून प्रत करण्याचं काम चाललं होतं. त्या कामावरच्या पंडित गजपती उपाध्यायांनी गुपचूप आणखी एक कानडी नक्कल करून घेतली. ती त्यांनी सोलापूरच्या आणि मुंबईच्या शेठजींकडे नेली, तर अशा रीतीनं आलेली प्रत ठेवून घेणं योग्य नाही म्हणून त्यांनी नकार दिला. शेवटी सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी ती घेतली. तिथं देवनागरीत उतरवणाऱ्यानं स्वतःसाठी आणखी एक उतरवली, आणि तिच्यापासून पुढच्या प्रती निघाल्या. डॉ. हिरालाल जैनांनी १९३९ मध्ये अमरावतीहून धवलेचा पहिला भाग छापला तो असा आलेल्या प्रतीवरून. म्हणजे आपला सगळ्यांत मोठा सिद्धांतग्रंथ जगापुढे आला तो अदत्त मालातून! अचौर्याच्या दृष्टीनं याचा निकाल काय, यावर स्वाध्यायात दोन तास भांडण होऊ शकतं, आणि व्हावं. मला सोलापूरकर शेठजींचा नकार पटतो आणि त्या प्रतीबद्दल कृतज्ञताही वाटते. दोन्ही. पण हिरालालजींनी केलं ते मला फार मोठं वाटतं. त्यांनी ही सगळी हकिकत प्रस्तावनेत छापली. कुणी, कुठून, कशी नक्कल केली, कुणी नाकारली. आणि त्या गुप्त नकलेत गजपतींच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांचा मोठा हात होता हेही नावानिशी लिहिलं. एक ओळ वगळली असती तर कुणाला कळलं असतं? ती ओळ आहे म्हणून आज मी लक्ष्मीबाईंचं नाव घेते आहे.

आता ज्या लिहिताहेत त्यांच्यासाठी थोडं. भाषांतर वापरलंत तर अनुवादकाचं नाव घाला, मूळ लेखकाचं घालून भागत नाही. जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती यांचे पृष्ठांक वेगळे असतात, जी हातात आहे तिचं साल द्या. आपल्या कितीतरी पुस्तकांवर फक्त वीर निर्वाण संवत छापलेला असतो. तो तसाच लिहा आणि मग इसवी सन काढा. वर्षाच्या बहुतेक भागासाठी ५२६ वजा होतात, दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत ५२७. मत आपल्या शब्दांत मांडलं तरी मत दुसऱ्याचं असेल तर नाव लागतंच, शब्द बदलले म्हणून मालक बदलत नाही. महाराजांच्या प्रवचनातलं घेतलं तर गाव, तारीख, चातुर्मास लिहा. ‘विद्वानांचे मत आहे’ हे वाक्य मात्र प्रबंधातून हद्दपार करा. कोण विद्वान ते सांगा नाहीतर मत आपलं म्हणून पत्करा.

आणि गाणी गोळा करायला जाल तेव्हा वहीत चार रकाने आखून न्या : सांगणारीचं नाव, गाव आणि तारीख, ती कुणाकडून शिकली, आणि नाव छापू का. चौथा रकाना तिथंच, तिच्यासमोर भरायचा. शेवटच्या रकान्यात काय काय उत्तरं येतात ते ऐकण्यासारखं असतं. एकजण मला म्हणाली, माझं नको, आमच्या सासूबाईंचं घाला, मी त्यांच्याकडून उचललं. दुसरी म्हणाली, मुलाला विचारून सांगते. एक वन्सं तर हसायलाच लागल्या, ‘माझं नाव? पुस्तकात?’ म्हणाल्या, आणि मग पदर सावरून संपूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट, आणि मी नीट लिहिलंय का ते वाकून बघितलं.